तापण्याआधी

आडेनाऊच्या गॅरेजात गेरलिंड
दोन ब्रेक पॅड माझ्या तळहातांवर ठेवते.
"हा तापल्याशिवाय धरत नाही," म्हणते,
"आणि हा तापला की सोडून देतो."

शनिवारी ट्रॅकवर मला पहिलाच हवा:
उतारावर, दोनशेच्या वेगात,
पाय दाबताच पट्टा छातीत रुतावा.

पण सोमवारी पहाटे, दोन अंश, धुकं,
रात्रपाळीहून परतताना
बेकरीच्या वळणावर
म्हातारा फ्रीडहेल्म कुत्र्यामागून रस्ता ओलांडतो,
कुठेही न बघता.
त्याच्यासाठी डिस्क तापवायला
वेळ कुठून आणू?

"मधला आहे एक," गेरलिंड हात पुसते.
"किंचाळतो. चाकं काळी करतो.
दर फेरीला चार सेकंद खातो."

दे.
किंचाळला तर निदान
त्या कुत्र्याला तरी ऐकू येईल.