मागे घेताना

मधमाश्या हलवायच्या त्या अंधार पडल्यावरच,
सगळ्या घरी परतल्या की.
म्हणून हे काम नेमकं अशा वेळी येतं
जेव्हा आरशात काही दिसत नाही.

चाळीस पेट्या. अठ्ठावीस ट्रकमध्ये,
बारा मागच्या ट्रॉलीत.
ट्रक फौजेतला, सहा चाकांचा झिल,
रेजिमेंट निघून गेली त्या वर्षी
मामातकादिर मामाने दोन घोडे
आणि एक शिलाई मशीन देऊन घेतलेला.
दारावरचा जुना आकडा
कितीदा रंगवला तरी पुन्हा वर येतो.

ट्रॉली मात्र बुटकी. दोनच चाकं,
आणि दांडी इतकी आखूड
की सरळ रस्त्यावर तिची आठवणही होत नाही.
नारिनपासून चार तास घाट चढलो,
ती गप्प, पाहुण्यांत आणलेल्या पोरासारखी.
कुरणाच्या फाटकाशी रिव्हर्स टाकला
आणि तिला वाचा फुटली.

नियम मला पाठ आहे:
ट्रॉली डावीकडे हवी तर स्टिअरिंग उजवीकडे.
लांब ट्रॉलीला हे कळायला वेळ लागतो,
तेवढ्यात माणूस चूक निस्तरतो.
हिला आधीच कळलेलं असतं.
मी बोटभर फिरवतो, ती हातभर वळते.
मी घाईने आवरायला जातो, आणि झिल,
सात टनांचा म्हातारा,
आधी खोकतो, मग विचार करतो, मग ऐकतो.
तोवर ट्रॉली काटकोनात
आणि दांडी बंपरला घासून करकरते.

आरशात ती नसते. नसते. नसते.
दिसली की समजायचं, उशीर झाला.

जिपारकुल मामी मागे टॉर्च घेऊन उभी.
टॉर्च वरखाली म्हणजे ये,
आडवा म्हणजे थांब.
गोल म्हणजे काय ते ठरलेलं नाही.
ती गोल फिरवते.

पाचव्यांदा पुढे. पाचव्यांदा मागे.
"उंट गेला नि शेपूट राहिलं,"
मामी ओरडते ते इंजिनावरूनही ऐकू येतं.
पेट्यांतून गुणगुण वाढायला लागते,
झाकणाखाली किटली तापावी तशी.

मामा शेजारी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला.
दोन वर्षं तेर्मेझला
असाच ट्रक चालवलाय त्याने.
तोफा मागे घेतल्यात, पाण्याच्या टाक्या,
धुरकट स्वयंपाकाची भट्टी,
आणि एकदा पहाटे, गोदामाच्या दाराशी,
जस्ताच्या सहा पेट्या.
कुणाच्या ते सांगितलं नव्हतं.
"त्या गुणगुणत नव्हत्या," एवढंच म्हणाला
आणि टरफलं खिडकीबाहेर टाकली.

मग म्हणाला, "उतर."

दांडीखाली ओंडका लावला, पिन ठोकून काढली.
त्याने ट्रक नदीकाठच्या गोट्यांवरून
वळसा घालून आणला,
आणि ट्रॉलीला नाक लावलं.
पुढच्या बंपरला एक आकडा आहे,
कधीतरी स्वतः वेल्ड केलेला, ओबडधोबड.
इतकी वर्षं मला वाटायचं
तो मेंढरू टांगायला आहे.

आता ती समोर, हेडलाइटात.
बारा पेट्या, निळ्या, पिवळ्या,
एकीचं झाकण शाळेच्या फुटक्या फळ्याचं,
त्यावर कुणाचा तरी अर्धा राहिलेला भागाकार.
खड्डा आला की कुठलं चाक आधी बुडतंय ते दिसतं.
फाटकाचे खांब दिसतात.
मी ढकलत नेली, एकदाही न थांबता,
चहाची बशी न्यावी तशी.

"आधी का नाही सांगितलंस?"
"मला तरी कुणी सांगितलं होतं?
तीन उन्हाळे आरशातच बघत होतो."

पेट्या उतरवून झाल्या तेव्हा
पूर्वेकडे बर्फ जरासं करडं झालं होतं.
मामीने थर्मासमधून चहा ओतला.
मी विचारलं, टॉर्च गोल म्हणजे काय?
ती बोटं काखेत घालून म्हणाली,
काही नाही रे,
हात गारठले होते.