नळी क्रमांक ४१७

पहाटे साडेपाचला सेबूच्या या गल्लीत
कोंबडे माणसांच्या आधी भांडायला उठतात.
मी एर्मिनिया. खांद्यावर बर्फाची पेटी,
पेटीत नळ्या, नळ्यांवर नंबर.
लोकांची लाळ गोळा करते मी, पगारावर.
शेजारीण म्हणते, याहून मासे विकलेले बरे.
मासे विकून झालेत, बाई.

दार क्रिसांतो उघडतो.
पाच वर्षांपूर्वी हाच दार उघडायचा तेव्हा
अंगात शर्ट नसे, काखेत लाल कोंबडा असे,
झुंजीत त्याच्या पायाला बांधायचं पातं
काडेपेटीत जपून ठेवलेलं.
नळीत थुंकायचा तोही पैज लावल्यासारखा.
त्या साली त्याचा आकडा
रकान्यात मावत नव्हता.

आज खांद्यावर सात आठवड्यांची पोर,
शर्टावर ओकलेल्या दुधाचा नकाशा,
आणि डोळे असे, की रात्रभर
त्यांच्यावरून कुणी अनवाणी येरझाऱ्या घातल्यात.
"तोंड कोरडं पडलंय, मानांग."
कैरी आठव, मी म्हणते. वर मिठाचा खडा.
सुटतं पाणी.
एवढं भोळं असतं शरीर,
त्याला नुसता शब्द पुरतो.

मागच्या महिन्याचा आकडा आलाय. निम्मा.
सांगायची परवानगी नाही.
"कमी झालंय का माझं?" विचारतो, हसतो,
हसता हसता थांबतो.
"धक्क्यावरचे म्हणतात, क्रिसांतोतला नर मेला."

काय सांगू?
की कुठल्याशा झाडाखाली, कधीकाळी,
केसाळ, लांब हातांचा कुणी एक
टोळीमागे न जाता रात्रभर थांबला
आणि सकाळी त्याचं पोर जिवंत होतं?
बाकीच्यांची काही होती, काही नव्हती.
अशा एकेका सकाळीनं
तुझं रक्त निवत आणलंय, बाबा.
कुणी ठरवलं नाही. कुणी आशीर्वाद दिला नाही.
जे उरले त्यांची आपण नातवंडं.

माझा बाप मात्र गेला.
आधी बोटीवर, मग मिंडानाओला, मग पत्ताच नाही.
तोही उरलेल्यांचाच नातू.
त्याची लाळ कुणी नळीत धरली नाही.
किती होता त्याचा आकडा?
मी जन्मल्यावर उतरलाच नाही?
की उतरला होता,
आणि तरीही गेला?
हे दुसरं जास्त बोचतं.

अंगणात लाल कोंबडा बांग देतो.
पोर दचकते, टाहो फोडते.
क्रिसांतो तिच्या कानावर तळवा ठेवतो,
कोंबड्याकडे बघतसुद्धा नाही.
आणि माझ्या छातीत, अकरा वर्षांनी, सुया टोचतात.
पान्हा!
माझा धाकटा शाळेमागे सिगारेट ओढायला शिकलाय,
आणि हे अंग अजून
कुणाच्याही रडण्याला ओ देतं.
कुणाचं पोर ते तरी विचार, मी त्याला दटावते.
ते विचारत नाही.

नळीला झाकण. चारशे सतरा.
तारीख, वेळ. 'शेरा' कोराच ठेवायचा असतो.
"निम्म्यावर आलंय," सांगून टाकते मी.
नोकरी गेली तर मासे आहेतच.

तो बराच वेळ गप्प.
"मग उरलेलं निम्मं गेलं कुठं?"
त्याच्या हनुवटीखाली
पोरीची मऊ टाळू वरखाली होते आहे.

मी पेटी उचलते.
बर्फ वितळायला लागलाय,
अजून सहा घरं व्हायचीत.