चेंबर नंबर चार

बावीस वर्षं मी थंडी राखतोय.
तासगाव रोडला, उंच पत्र्याखाली,
पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सात बेदाणा झोपलेला
आणि मी रात्री दर दोन तासांनी उठून
त्याचा ताप बघणार.
चार अंश.
साडेचार झाले की मालकाचा फोन.

बर्फ म्हणाल तर
अमोनियाच्या पाइपवर धरतो तेवढाच,
तोही आम्ही सळईनं खरवडून टाकतो.

त्रिशला म्हणाली, औलीला जाऊ.
बघायला नाही. घसरायला.
म्हटलं, घसरायला एवढ्या लांब कशाला,
कृष्णेच्या घाटावर शेवाळ आहे की.
ती हसली नाही.
तिनं भिशीची वही उलटी धरली
आणि मागच्या पानावर लिहायला लागली:
फेब्रुवारीत नवा माल येतो, म्हणजे जानेवारीतच.
मिरज ते निजामुद्दीन. पुढं हरिद्वार. पुढं दिवसभर जीप.
सूर्य साडेपाचला मावळतो, जेवण पाचला.
कांदा-बटाटा नको, हॉटेलला आधी फोन.
गुडघे (यांचे).

पुण्यात जिना चढून दुकान.
पोरगा तिशीच्या आतला,
डोळ्यांभोवती गॉगलएवढं गोरं, बाकी रापलेला.
म्हणाला, फळ्या तिथं भाड्यानं घ्या,
हनुवटीपर्यंत येतील अशा.
उंच फळीनं माणूस उंच होत नाही, काका.
बूट मात्र घालून, उभं राहून, वाकून बघा.
सरळ उभं राहिलं की बोट पुढं टेकावं,
गुडघा वाकवला की सुटावं,
टाच हलली तर तो बूट तुमचा नाही.
आणि मोजा एकच.
दोन घातले की पाय गार पडतो.

हे मला लगेच पटलं.
बॉक्स दाबून रचले की वारं फिरत नाही,
रक्ताचंही तसंच असणार.

मग हातमोजे.
हे कशाचं, त्रिशलानं विचारलं.
लेदर, मॅडम, एकदम बेस्ट.
तिनं ते काउंटरवर परत ठेवले,
झोपलेलं काहीतरी उठू नये तसे.
जाकीट उचललं, फुंकरीएवढं हलकं.
आत काय?
पिसं. बदकाची.
बदकाला विचारलं होतं का?
पोरगा हसला, मग थांबला,
मग आतल्या खोलीत जाऊन
दोन पोपटी जाकिटं घेऊन आला,
नुसता पॉलिस्टर, रजईएवढी जाड.
म्हणाला, ही कुणी नेत नाही.
आम्ही नेली.

रविवारी रात्री चेंबर नंबर चार रिकामं होतं.
आम्ही सगळं अंगावर चढवून आत गेलो.
मी पालथ्या क्रेटवर बसलो, मोबाईलवर तासाची वेळ लावून.
माझं नाक आधी गेलं, मग उजवा अंगठा.
ती मात्र पॅलेटच्या दोन पट्ट्यांवर उभी,
पुढची टोकं जवळ, टाचा लांब,
घराचं छप्पर असतं तशी,
गुडघे वाकवून
समोरच्या भिंतीकडं बघत.

रमजान हमालानं दारातून डोकं घातलं.
भाऊ, वहिनी काय करायल्यात?
उतरायल्यात, मी म्हटलं.

तो दार लोटून गेला, नीट लागलं नाही.

त्रिशला भिंतीकडं बघतच बोलली,
लग्नाआधी मी आयर्विन पुलावरून
सांगलवाडीच्या बाजूला
सायकल सोडून द्यायची, दोन्ही हात वर करून.
अप्पांना कळलं
आणि सायकल विकली.

बावीस वर्षं एका घरात.
हे मला चार अंशात कळलं.

विचारलं, पडली नाहीस कधी?
पडले की, ती म्हणाली, दोनदा,
आणि गुडघे अजून थोडे वाकवले.

खिशात फोन वाजला. मालक.
साडेचार दाखवतंय, काय झालं?
म्हटलं, काही नाही,
दार जरा उघडं राहिलं होतं.