अर्थ मिळत नाही

सारुळच्या खाणीच्या चढावर, बरोब्बर दुसऱ्या वळणाशी
जीप बंद पडते.
पहिल्या वळणावर नाही, उतारावर नाही,
पाथर्डी फाट्याच्या गर्दीत पाऊण तास उभी ठेवली तरी नाही.
नाक वर, डावं चाक खड्ड्यात, पाय रेसवर,
आणि लाइट गेल्यावर पिठाची गिरणी होते
तशी गप्प.

देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतली
तेव्हा हिच्यात इंजिनच नव्हतं.
ते वडाळा नाक्याहून आणलं, एका पिकअपच्या पोटातून.
गिअरबॉक्स मालेगावचा. मागचा ॲक्सल कुणाचा, विचारू नये.
पाटे चार इंच उचलले, तेहतिशीचे टायर चढवले,
आणि चासी रंगवली दादांनी.
सातपूरच्या पेंट शॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस.
दोन हात प्रायमर, तीन हात काळा,
मधे मधे पाण्याचा पेपर मारून, असा की
खाली झोपून वर बघितलं तर
आपलंच तोंड दिसावं, जरा लांबुळकं.

पहिल्या रविवारी जब्बार मेस्त्री म्हणाले, हवा घेतेय.
फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, हातपंप मारून हवा काढली.
हवा गेली, दुखणं राहिलं.
दुसऱ्या रविवारी टाकी उतरवली.
तळाशी बोटभर गंज, एक वॉशर
आणि कुठल्याशा जवानाच्या शर्टाचं पितळी बटण.
बटण मी खिशात टाकलं.
चुलतभाऊ म्हणाला, विकून टाक, बाईमाणसाला कशाला हे,
आणि जाता जाता म्हणाला, एक राउंड मारू का?

तिसरा रविवार. दुसरं वळण. गप्प.
चावी फिरवली तर नुसतं टक्.
बॅटरी नवी, तरी टक्.
पाच फूट मागे सोडली की मुकाट्याने चालू.
पुन्हा वर. पुन्हा टक्.
बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला सोपान
आतूनच ओरडला, ताई, रेसची वायर गरम लागतेय.

रेसची वायर! तिच्यातून ना डिझेल जातं ना करंट.
मेस्त्रींनी बोट लावलं, झटकन काढलं,
तोंडात धरलं आणि हसले.
म्हणाले, "अर्थ मिळत नाहीये हिला."

मी शाळेत मराठी शिकवते.
क्षणभर मला वेगळंच ऐकू आलं.

करंट जातो तसा त्याला घरीही यावं लागतं, मेस्त्री सांगत होते.
इंजिन रबरावर बसलेलं, चासीपर्यंत यायला ही एकच पट्टी,
आणि पट्टी कसलीये रंगावर.
सपाटीला कशीबशी टेकते,
चढाला इंजिन पिळतं, केसभर उचलली जाते.
मग करंट मिळेल त्या वाटेने घरी निघतो,
रेसची बिचारी बारीक वायर, तिचं ते कामच नाही.
पंपाची झडप पडते. खलास.

कुणी दादांकडे बघितलं नाही.
ते कानटोपी घालून दगडावर बसले होते, थर्मास मांडीत.
उठले. म्हणाले, ऐंशी नंबरचा पेपर आहे का?

लोखंड दिसू द्यायचं नाही, याचा त्यांनी
एकतीस वर्षं पगार घेतला होता.
खडीवर उताणे झोपले, अडुसष्टाव्या वर्षी,
आणि रुपयाएवढी जागा घासायला लागले.
काळी भुकटी चष्म्यावर पडली, मग करडी.
"बास?"
"अजून थोडं, दादा."
मग पांढरं लोखंड निघालं.
दादांनी त्यावर फुंकर मारली.
बोल्ट आवळल्यावर कडेने ग्रीसचं बोट फिरवलं,
गंज धरू नये म्हणून, आणि जरा वेळ
तिथेच पडून राहिले.

दुसरं वळण चढलो.
तिसऱ्यावर मागून, उजवीकडून
खुळ्ळ असा आवाज आला, लहानसाच.
दादा म्हणाले, ऐकलंस?
मेस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले.