आवाज नसलेला डबा

नवी पेठेत इरण्णा कागदावर आकडे मांडतो:
प्रोसेसर, बोर्ड, चौसष्ट जीबी रॅम.
"कार्डात कंजुषी नको, मालक,
लग्नं आता सगळी फोर-के."

मी मनात लग्नं मोजतो.
वैशाखात अकरा, त्यातली दोन उधारीची.
एका नवरीचे वडील अजून म्हणतात,
हळदीत मामा दिसत नाही, पुन्हा बघा.
तो मामा शोधता शोधता
रात्री तीनला जुन्या मशीनचा पडदा निळा पडला.

डिस्क दोन. एक मरतेच.
पॉवर सप्लाय दणकट, आमच्या अशोक चौकात
वीज येते तीही रागावल्यासारखी.
कार्ड एक नंबर खालचं. ठरलं.

उरला डबा. इरण्णा काचेचा दाखवतो,
आतून जाड फोम,
"चालू आहे हे कळणारसुद्धा नाही."

घरी अम्माला सांगितलं.
चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात झोपलेली ती;
माग भंगारात गेल्यापासून
रात्री दोनदा उठते, दार बघते.
"आवाजच नाही?
मग तू काम करतोयस हे मला कसं कळणार?"

जाळीचा घेतला, स्वस्तातला.
चव्वेचाळीस डिग्रीत रेंडर लावलंय,
तीन पंखे घुमतायत,
भिंतीपलीकडे अम्मा घोरतेय.

मामा सापडला.
फ्रेमच्या कडेला, पाठमोरा,
हातात कुणाचं तरी ताट.