त्रेचाळीस

तहसीन, तुझ्या हातांना हमसी माशांचा वास येतो,
माझ्या हातांना कशाचाच येत नाही.
सकाळी सातला रात्रपाळी संपवून
मी चढण चढते, ट्राब्झोनचं बंदर पाठीशी टाकून,
आणि तू जाळी खांद्यावर घेऊन उतरत असतोस.
जिन्यात भेटतो आपण.
"जेवलीस?" "जेवले." "गॅस बंद केलाय." "बरं."
एवढाच यांचा संसार, असं वाटतं शेजारच्या हाजेर मावशीला,
आणि ती फारशी चुकत नाही.

एकदा विचारलंस, चिडून नाही, अगदी हळू:
रात्रभर परक्यांना कुशीवर वळवतेस,
मग माझ्याकडेच पाठ का?
दमते रे, म्हटलं मी.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
खरं असं, की अंग म्हणजे काम झालंय.
उघडी पाठ दिसली की मी आधी बेडसोर शोधते.
मनगटाचं चुंबन घ्यायला वाकते
आणि सुईला शीर कुठे लागेल ते पाहून ठेवते.
आणि एक, जे कधी सांगितलंच नाही:
तू जवळ सरकतोस तेव्हा
कुठेतरी बेल वाजल्यासारखं होतं.
अजून एकाला काहीतरी हवंय.

काल बावीस नंबरचे आजोबा गेले.
मुलगी अंकाराहून येणार म्हणून
पहाटेच दाढी करून मागितली होती.
अर्धी झाली होती.
उरलेली अर्धी मी नंतर केली.

घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले.
तिसऱ्यांदा तू नळ बंद केलास.
समुद्र खवळला होता, बोटी बांधलेल्या,
म्हणून तू घरी.
लिंबाच्या कोलोनची बाटली पुढे केलीस, पाहुण्यांपुढे करतात तशी,
आणि लगेच मागे घेतलीस:
"याला वॉर्डचा वास येतो ना तुला."
हे मी तुला कधी सांगितलं होतं?

तुझा तळहात नायलॉनच्या दोरीने कापलेला.
मी कापूस शोधायला उठले.
"बस," म्हणालास,
"हात बघायला नाही दिलेला. धर."

धरला.
बोटं आपोआप अंगठ्याखाली सरकली
आणि मोजायला लागली.
तुला कळलं. तू हलला नाहीस.
त्रेचाळीसपर्यंत आठवतंय.
पुढे आकडा सुटला, की मला झोप लागली, की दोन्ही,
जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं
आणि तू कुरकुरत होतास,
अगं, मुंग्या आल्या हाताला,
आता तरी सोड, चहा टाकतो.