अज्ञान

कोर्टनाक्याला पहिल्या वकिलाने विचारलं,
"ताबा पाहिजे ना?"
मला आधी फ्लॅटच आठवला.
कोलशेतचा, साडेतीन वर्षं रखडलेला,
बिल्डरच्या पत्रात हाच शब्द होता.
"मुलीचा," मी म्हणालो.
"तेच ते. सत्तर हजार, निम्मे आज.
बाई नोकरी करते? रात्री उशिरा येते?
कोणी सोडायला येतं का गाडीतून?"
पेनाचं टोपण काढून बसला होता तो.
विचार करून सांगतो म्हणालो
आणि खाली उतरून उसाचा रस प्यालो,
दोन ग्लास.

दुसरा नौपाड्यातला, एसीवाला.
"बापासाठी कायद्यात काही नाही हो," म्हणाला.
एवढं ऐकवायचे हजार घेतले.
पावती दिली नाही.

तिसरं नाव स्टोअर्समधल्या पाठारेने दिलं,
चिठ्ठीवर, मागच्या बाजूला बेअरिंगचा नंबर :
ॲडव्होकेट वैजयंती दुखंडे, चरई,
गिरणीवरचा जिना.
"बाई?" मी विचारलं.
"माझ्या वेळी ह्याच होत्या," तो म्हणाला
आणि रजिस्टरात डोकं घातलं.
अकरा वर्षं त्याच्या शेजारी डबा खातोय.
त्याच्यावरही वेळ आली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

गिरणी चालू होती. कठड्यावर पीठ.
बाईंच्या टेबलावरही, फायलींवर,
बोटाने नाव लिहिता येईल इतकं.
त्यांनी अर्जाचा नमुना पुढे सरकवला.
केतकीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं :
वय सात, अज्ञान.
मी तिथेच अडकलो.
"कायद्याची भाषा," त्या म्हणाल्या,
"अठराच्या आतल्यांना म्हणतात."
मग चष्मा काढला.
"बुटाचा नंबर?"
माझा?
"तिचा."

मी वागळे इस्टेटमध्ये गेज तपासतो.
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा चुकला
तरी माल परत पाठवतो, सही करून.

"वर्गाच्या बाई कोण?
पेन्सिल कुठल्या हातात धरते?
तापात काय खायला मागते?
झोपताना दिवा चालू की बंद?"
खाली पट्टा फटफटत होता.
चालू. एवढं आलं.
डावखुरी आहे, हेही आलं,
आणि त्याबरोबर हेही, की चमचा
मीच काढून तिच्या उजव्या हातात द्यायचो.
बाकीच्या ओळी कोऱ्या.

त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही.
"समोरचा वकील हेच विचारेल, उभं करून.
मी बसवून विचारतेय.
त्यांचं काय चुकलं ते नका सांगू,
तुमचं काय आहे ते सांगा."
फी बावीस हजार, हप्त्याने.
तारखेला स्वतः येणार, ज्युनिअर नाही.
खोटं एक अक्षर लिहिणार नाही.
"ताबा मिळवून देते, असं मी म्हणत नाही.
आधी शनिवार मागू.
शनिवार सांभाळलात, तर मे महिना."

शनिवार. मी मनात मोजलं,
वर्षाला बावन्न.
गेल्या वर्षी बावन्नच्या बावन्न माझेच होते
आणि मी ओव्हरटाइम लावला होता.

वकीलपत्रावर सही केली.
तिकीट चिकटवायला स्पंज दिला त्यांनी,
तो कोरडा निघाला. जिभेने ओलं केलं.
शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं,
घरी येईपर्यंत झटकलं नाही.

रात्री कळव्याला फोन लावला. मधे फक्त खाडी.
रेणुकाने उचलला.
वकिलाचं काही बोललो नाही. कागद जाईलच.
"केतकीच्या बुटाचा नंबर काय?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, मग दुसरी.
"कशाला?"
"असंच."
"तेरा होता जूनमध्ये," ती म्हणाली.
"तेरानंतर पुन्हा एकपासून सुरू होतात."
मग जरा थांबून,
"आता मलाही बघावा लागेल."